सागरी कायद्याचे जाणकार कोठून आणायचे?

२५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापुढील समुद्रात 'एमएससी एल्सा ३' हे लायबेरियाचा ध्वज मिरवणारे मालवाहू जहाज बुडाले. जहाजावरील चोवीसही जण बचावले, ही त्या दुर्घटनेतील एकमेव समाधानाची बाब. जहाजावर सहाशेहून अधिक कंटेनर होते आणि त्यांतील तेरा कंटेनरांत घातक माल भरलेला होता. पुढे कित्येक दिवस कंटेनर आणि प्लॅस्टिकचे बारीक दाणे किनाऱ्याला लागत राहिले. बुडालेल्या जहाजाच्या आसपासच्या पाण्यात मासेमारीस मज्जाव झाला आणि ज्यांचा त्या जहाजाशी, त्यावरील मालाशी अथवा त्याच्या मालकाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा कुटुंबांच्या रोजच्या मिळकतीवर गदा आली.

केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा दाखल केला. बुडालेले जहाज हाती लागणारे नव्हते; तेव्हा त्याच समूहाशी संबंधित असलेले दुसरे जहाज विळिंजम बंदरात न्यायालयाच्या हुकुमाने अडकवून ठेवण्यात आले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे १,२२७ कोटी रुपयांचे तारण देण्याचा आदेश न्यायालयाने दिला. सामान्य वाचकाला हा प्रकार काहीसा विलक्षण वाटेल. माणसाऐवजी जहाजालाच प्रतिवादी करावयाचे आणि जप्तीचा हुकूम जहाजावर डकवावयाचा, ही सागरी कायद्याची शेकडो वर्षांची रीत आहे. तिच्यामागे साधे व्यावहारिक शहाणपण आहे. मालक एका देशात, ध्वज दुसऱ्या देशाचा, विमा तिसऱ्या देशात. अशा वेळी हाताशी असते ते फक्त जहाज, आणि तेही पुढची भरती येईपर्यंतच.

या प्रकरणाचा न्यायनिवाडा काय व्हायचा तो होईल. तथापि त्यातून उभा राहणारा एक प्रश्न निवाड्याची वाट पाहत थांबणारा नाही. अशी दुर्घटना घडल्यानंतर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत कोणते जहाज, कोणत्या बंदरात, कोणत्या कलमाखाली अडकविता येईल. मालकाला आपली जबाबदारी ठराविक रकमेपुरती मर्यादित करून घेण्याचा जो हक्क आंतरराष्ट्रीय करारांनी दिला आहे, त्याला उत्तर काय द्यावयाचे. किनाऱ्याच्या हानीचा पुरावा कसा गोळा करावयाचा. हे सारे जाणणारी माणसे आपल्याकडे किती आहेत? आणि ती तयार करण्याची व्यवस्था कोठे आहे?

हा प्रश्न आजच निकडीचा होण्यास आणखी एक कारण आहे. २०२५ या एका वर्षात संसदेने सागरी व्यवहाराशी संबंधित पाच कायदे संमत केले. बिल ऑफ लेडिंगचा १८५६ सालचा कायदा, बंदरांचा १९०८ सालचा कायदा, सागरी मालवाहतुकीचा १९२५ सालचा कायदा आणि व्यापारी नौकानयनाचा १९५८ सालचा कायदा यांची जागा नव्या कायद्यांनी घेतली. किनारी नौवहनासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यापूर्वी २०१७ साली नौअधिकारितेचा म्हणजे जहाजांवरील दाव्यांचा कायदा झाला होता आणि तो १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. तोपर्यंत आपली उच्च न्यायालये १८४० ते १८९१ या काळातील ब्रिटिश कायद्यांच्या आधारे हे दावे चालवीत होती, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. १९८४ साली मुरगाव बंदरात भरलेल्या मालाची कागदपत्रे न देताच 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे परदेशी जहाज निघून गेले. त्यावरून विशाखापट्टणम येथे ते अडकविण्यात आले, तेव्हा असा दावा चालविण्याचा अधिकार भारतीय उच्च न्यायालयाला आहे की नाही, हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अधिकार आहे, असा निर्णय मिळण्यास १९९२ साल उजाडावे लागले. स्वातंत्र्य मिळून तोवर पंचेचाळीस वर्षे होत आली होती.

आता कायदे आपले झाले. परंतु कायदा पुस्तकात उतरला म्हणजे तो व्यवहारात उतरला असे होत नाही. त्यासाठी तो वाचणारा वकील, तो लावणारा न्यायाधीश, तो राबविणारा बंदर अधिकारी आणि त्याच्या आधारे करारनामा लिहिणारा कारकून लागतो. पूल बांधून झाला, पण त्यावरून गाडी हाकणारा शिकविला नाही, अशी काहीशी आपली आजची अवस्था आहे.

या क्षेत्रात देशाचे हितसंबंध किती मोठे आहेत हे आकड्यांवरून दिसते. भारताच्या परदेशी व्यापारापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के आणि किमतीच्या हिशेबाने सुमारे ७० टक्के व्यापार समुद्रमार्गे चालतो. आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा विस्तार वीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. जगातील जहाजांवर काम करणाऱ्यांत भारतीयांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास मानले जाते. उलट, आपला माल वाहून नेणारी जहाजे बहुतांशी परक्यांची आहेत. परदेशी जहाज कंपन्यांना भारत दरसाल सुमारे सहा लाख कोटी रुपये वाहतुकीपोटी देतो, असे पंतप्रधानांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे सांगितले. त्याच महिन्यात जहाजबांधणीच्या प्रोत्साहनार्थ ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपये खर्चाच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. पोलाद, गोद्या आणि धक्के यांसाठी एवढी तरतूद होत असताना, त्या धक्क्यांवर होणाऱ्या व्यवहारांचा कायदा आणि त्यांचे धोरण जाणणारी माणसे घडविण्यासाठी किती तरतूद होते, हे विचारणे वावगे ठरू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सागरी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या गणवेषातील कॅडेट उभा राहतो. त्या शिक्षणाची आपली परंपरा खरोखरच अभिमानास्पद आहे. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९२७ साली 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज मुंबईत सुरू झाले. पुढे 'राजेंद्र' आणि 'चाणक्य' यांनी तोच वारसा चालविला. २००८ साली भारतीय सागरी विद्यापीठही स्थापन झाले. परंतु जहाज चालविणे ही एक विद्या आहे आणि जहाजाच्या व्यवहाराचे नियमन करणे ही दुसरी. पहिलीत आपण जगाला माणसे पुरवितो. दुसरीत मात्र आपली भिस्त अजून लंडन आणि सिंगापूरवर आहे. भाडेकरारातील तंटा लंडनच्या लवादापुढे जातो. जगातील सागरगामी जहाजांच्या सुमारे नव्वद टक्के क्षमतेचा दायित्व-विमा ज्या बारा परस्पर-विमा संघांकडे आहे, त्यांपैकी एकही भारतातला नाही.

या दुसऱ्या विद्येचा पसारा किती आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे जहाज अडकले. मालक जपानी, ध्वज पनामाचा, जहाज चालविणारी कंपनी तैवानची, तांत्रिक व्यवस्थापन जर्मन आणि जहाजावरील पंचवीसही जण भारतीय. जहाज मोकळे झाल्यावरही भरपाईच्या वादात ते जुलैपर्यंत इजिप्तमध्ये अडकून पडले. जहाज सोडविण्याच्या खर्चाचा वाटा मालाच्या प्रत्येक मालकाने उचलायचा, हा जुना सागरी नियम त्या वेळी लागू करण्यात आला आणि जगभरच्या अनेक छोट्या व्यापाऱ्यांना तो प्रथमच कळला. पाच देशांचे कायदे, विमा, कामगारांचे हक्क, कालव्याचे नियम आणि व्यापाराचे अर्थकारण यांची अशी गुंतागुंत ज्याला उकलता येते, तो या विद्येचा पदवीधर.

ही विद्या राष्ट्राच्या सामर्थ्याशी पूर्वीपासून निगडित आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात परवान्याची पद्धत सुरू केली. त्यांचा परवाना नसलेले जहाज लुटीस पात्र ठरे. १६०९ साली ह्यूगो ग्रोशियसने समुद्र सर्वांना खुला असल्याचा सिद्धांत मांडला. तो आज आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया मानला जातो. परंतु त्याची निकड निर्माण झाली ती याच पूर्वेकडील समुद्रात, डच कंपनीच्या व्यापारी हिताच्या रक्षणासाठी. कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या समुद्रात स्वतःचे दस्तक घेण्याची सक्ती केली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. परवाना पोर्तुगीजांचा असला तर तो कायदा आणि आंग्र्यांचा असला तर ती चाचेगिरी, हा भेद लेखणी कोणाच्या हाती होती यावरून पडला.

स्वातंत्र्योत्तर काळात ती लेखणी हाती घेणारे काही भारतीय निघाले. नौवहन महासंचालक राहिलेले डॉ. नागेंद्र सिंह पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले. शिपिंग कॉर्पोरेशनची उभारणी करणारे चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव १९७४ पासून १९८९ पर्यंत आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे सरचिटणीस होते. विकसनशील देशांपाशी सागरी कायदा व प्रशासन जाणणारी माणसेच नाहीत, हे ओळखून त्यांच्याच कारकीर्दीत १९८३ साली स्वीडनमधील माल्मो येथे जागतिक सागरी विद्यापीठ आणि १९८८ साली माल्टा येथे सागरी कायद्याची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. हँबुर्ग येथील सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद पी. चंद्रशेखर राव यांनी भूषविले आणि नीरू चढ्ढा तेथे न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. ही नावे गौरवाची खरीच. परंतु एवढ्या मोठ्या देशाची नावे बोटांवर मोजता यावीत, यातच आपले दारिद्र्य दिसते. ज्या रोगावर श्रीवास्तवांनी जगासाठी औषध शोधले, त्याचा पुरेसा पुरवठा त्यांच्या मायदेशात अद्याप झालेला नाही.

राष्ट्राराष्ट्रांतील तंट्यांपेक्षा या अभावाची झळ सामान्य माणसाला अधिक लागते. नाशिकचा द्राक्ष बागाईतदार युरोपात माल पाठवितो. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. अशा लांबलेल्या प्रवासात माल खराब झाला, तर नुकसान कोणाचे? सागरी मालवाहतुकीच्या प्रचलित नियमांनुसार वाहतूकदाराविरुद्धचा दावा सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. पत्रव्यवहारात आणि आर्जवांत तेरा महिने घालविणाऱ्याच्या हाती, न्याय त्याच्या बाजूस असूनही, काहीच उरत नाही. बिल ऑफ लेडिंगच्या पाठीवरील बारीक अक्षरांत तंटा कोणत्या देशात चालावयाचा हे लिहिलेले असते; त्यावर सही घेणारा कारकून आणि सही करणारा व्यापारी, दोघांनीही ते वाचलेले नसते.

खलाशांची स्थिती याहून दयनीय आहे. जहाजमालकाने पगार थकवून, शिधा व इंधन न देता परक्या बंदरात जहाज सोडून द्यावे, असे प्रकार अलीकडे वाढले आहेत आणि अशा रीतीने वाऱ्यावर सोडल्या गेलेल्यांत २०२४ साली भारतीय सर्वांत अधिक होते. वस्तुतः २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ साली स्वीकारला आहे. दोन महिन्यांचा पगार थकला तरी त्या करारान्वये खलाशी परित्यक्त ठरू शकतो, आणि त्याच्या परतीच्या प्रवासासाठी व थकलेल्या वेतनासाठी मालकाने आधीच आर्थिक हमी देऊन ठेवणे बंधनकारक आहे. हक्क आहे, हमीही आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यातील त्याच्या घरच्यांनी कोणाकडे, कोणत्या कागदानिशी धाव घ्यावी हे सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, या विद्येला खरोखरच मागणी असती तर बाजारानेच तिचे वर्ग काढले असते. सरकारने त्यात का पडावे? अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा आक्षेप वरवरचा आहे. तज्ज्ञ घडविण्याचा खर्च एकाने करावयाचा आणि शिकून तयार झालेला माणूस दुसऱ्याने, बहुधा सिंगापूर अथवा दुबईच्या कंपनीने, न्यावयाचा अशी स्थिती असेल, तर कोणतीही खासगी संस्था पुरेसा खर्च करणार नाही. शिवाय या ज्ञानाचा लाभ ज्यांना सर्वाधिक होतो ते मच्छीमार, खलाशी आणि छोटे निर्यातदार त्याची किंमत मोजू शकत नाहीत. जेथे लाभ समाजाचा आणि खर्च व्यक्तीचा असतो, तेथे बाजार अपुरा पडतो आणि सार्वजनिक पैशाची गरज लागते. न्यायालयात ज्ञानाच्या अभावी हरलेला एक मोठा दावा अनेक वर्षांच्या शिक्षणाच्या खर्चाहून महाग पडू शकतो, हाही हिशेब मांडला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नुसत्या पदव्या वाटून जाणकार तयार होत नाहीत. सागरी विषयाचा अभ्यास केलेल्या अधिकाऱ्याची दोन वर्षांत भलत्याच खात्यात बदली होत असेल, तर त्याचे शिक्षण फुकट जाते. हे खरे आहे, आणि म्हणून शिक्षणाबरोबर नेमणुकीची शिस्तही बदलावी लागेल. परंतु त्यामुळे शिक्षणाची गरज कमी होत नाही. उलट दोन्ही सुधारणा एकदमच हाती घेतल्या पाहिजेत एवढेच सिद्ध होते.

अशा शिक्षणासाठी मुंबईइतके योग्य स्थान देशात दुसरे नाही. नौवहन महासंचालनालय येथे आहे. उच्च न्यायालयात जहाजांचे दावे चालविण्याची परंपरा येथे आहे. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू ही दोन मोठी बंदरे, सागरी विद्यापीठाचे आवार, महाराष्ट्र सागरी मंडळ, १८५७ सालचे विद्यापीठ आणि त्याहून दोन वर्षांनी जुने शासकीय विधी महाविद्यालय हे सारे एका लोकलच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे. उणीव आहे ती या संस्थांना एकत्र बसविण्याची. कायदा, अर्थशास्त्र, विमा, पर्यावरण आणि बंदर प्रशासन यांचा दोन वर्षांचा एकत्रित पदव्युत्तर अभ्यासक्रम येथे सुरू व्हावा. त्यात निम्म्या जागा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे बंदर अधिकारी, सीमाशुल्क कर्मचारी, निवृत्त कप्तान आणि सरकारी वकील यांच्यासाठी असाव्यात. सरकारी खर्चाने शिकणाऱ्यास काही वर्षे देशात सेवा करण्याचे बंधन असावे आणि त्या काळात त्याची त्याच क्षेत्रात नेमणूक करण्याचे बंधन सरकारवरही असावे. जहाज एजंटांच्या आणि मालपाठवणी करणाऱ्यांच्या कचेऱ्यांतील कारकुनांसाठी संध्याकाळचे सहा महिन्यांचे वर्ग निघाले, तर वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना त्यातून रोजगाराची एक नवी वाटही मिळेल.

त्याबरोबर हे ज्ञान मराठीत आणण्याचे काम महाराष्ट्राने अंगावर घेतले पाहिजे. कोळी, भंडारी, दालदी यांच्या बोलीत वारे, भरती, जाळी आणि होड्या यांविषयीचे शब्दभांडार विपुल आहे. परंतु त्यांच्या हक्कांचा कायदा मात्र त्यांना कळेल अशा भाषेत नाही. रात्रीच्या अंधारात एखादे मोठे जहाज सातपाटीच्या किंवा हर्णैच्या मच्छीमाराची जाळी कापून निघून जाते. जहाजामुळे झालेल्या अशा हानीबद्दल दावा लावण्याची तरतूद २०१७ च्या कायद्यात आहे. त्यासाठी वेळ, ठिकाण, जहाजाची ओळख आणि वेळीच झालेला पंचनामा एवढ्या चार गोष्टी हाती लागतात. त्या चार गोष्टी सांगणारी दोन पानांची मराठी पुस्तिका प्रत्येक मच्छीमार सोसायटीत असावी, आणि ती घेऊन तो माणूस शहरात आला तर त्याचे काम समजणारा वकील त्याला भेटावा. सागरी कायद्याच्या शिक्षणाचे यश किती पदव्या दिल्या यावर मोजू नये. तुटलेल्या जाळ्याची भरपाई हर्णैला पोहोचली की नाही, यावर ते मोजले जावे.